घरी आणलेली जीभ

माझ्या सासूबाईंची जीभ दुसऱ्याच्या घरी राहायला होती. हे वाक्य त्यांचंच. असं बोलायची माझी काय प्राज्ञा!

घरात त्यांना 'सरकार' म्हणत. म्हणजे माझा नवरा तोंडावर म्हणायचा आणि मी पाठीमागे. आयुष्यभर त्यांनी शिवणाचा वर्ग चालवला. मुलीने शिवून आणलेलं कापड उचलायचं, खिडकीच्या उजेडात धरायचं, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "उसव." मग ती मुलगी रडो नाहीतर पाया पडो, उसवायचं म्हणजे उसवायचं. कुणाच्या कामाला त्या 'छान' म्हणाल्याचं ऐकिवात नाही. अगदीच डोळ्यांत भरलं तर "बरं आहे", आणि तेवढ्यावर ती मुलगी वर्षभर मिरवायची. मी लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, आपल्याला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही, आपण सुटलो. कसली सुटतेय! माझा चहा उसव, माझी इस्त्री उसव, मी पाहुण्यांशी बोलले ते उसव. मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, म्हणून माझं नाव 'चष्मेवाली'. "चष्मेवाली, जगाला नंबर देत फिरतेस, तुला पातेल्याच्या बुडाची काजळी दिसत नाही का गं?" जिभेला हाड नसतं म्हणतात. त्यांच्या जिभेत कात्री होती.

मग त्यांना तो आजार झाला, ज्यात नसा एकेक करून राजीनामा देतात. आधी बोटं गेली, तीही शिवणवालीची. मग हात, पाय, मान, गिळणं. डोकं मात्र लख्ख. डॉक्टर म्हणाले, डोळे सगळ्यांत शेवटी जातील, आणि हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू बक्षीसच लागलंय.

नवरा प्रोग्रॅमर. रडण्याच्या बाबतीत कच्चा, काम करण्याच्या बाबतीत पक्का. आईंचा आवाज बोबडा व्हायला लागला तसा त्याने एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. पलंगासमोर स्क्रीन, स्क्रीनच्या खाली छोटा कॅमेरा. आईंनी एखादा शब्द बोलायचा आणि बोलताना स्क्रीनवर त्या शब्दाकडे बघायचं. प्रोग्रॅम दोन्ही टिपून घ्यायचा, आवाज आणि नजर. अमुक शब्दाला या बाईंची बुबुळं कशी सरकतात, पापणी किती खाली येते, हे तो शिकत गेला. महिनोन्महिने रोज सकाळी हा वर्ग चालायचा. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आता यंत्राला शिकवायची पाळी आली होती, आणि त्यालाही त्या सोडत नव्हत्या. चुकीचा शब्द उमटला की त्या बोबड्या आवाजात म्हणायच्या, "उथव."

आवाज पुरता गेला तोपर्यंत प्रोग्रॅम शहाणा झाला होता. अक्षर अक्षर शोधायची गरजच उरली नव्हती. डावीकडे वर एक नजर, अर्धी पापणी, की यंत्र बोलायचं, "आज पण उशीर." तेही त्यांच्याच आवाजात, कारण नवऱ्याने चांगल्या दिवसांतली त्यांची रेकॉर्डिंगं आधीच घेऊन ठेवली होती. आजार पुढे सरकत होता, नजर दिवसेंदिवस आखूड होत होती, पण यंत्रही तिच्यासोबत आखूड व्हायला शिकलं. शेवटी शेवटी त्या काय बघतायत हे मला, डोळ्यांवर पोट भरणाऱ्या बाईला, दिसत नसे. यंत्राला दिसायचं. आवाज गेल्यावर यंत्रातून त्या पहिलं वाक्य कोणतं बोलल्या असाव्यात? मुलाला आशीर्वाद? छे. "स्क्रीन पुसत जा कुणीतरी."

मी त्या दिवशी मोरीत जाऊन रडले आणि मग येऊन स्क्रीन पुसली.

आता अडचण. नवऱ्याच्या ऑफिसात सगळे ज्या पद्धतीने काम करत, त्याच पद्धतीने त्याने हाही प्रोग्रॅम बांधला होता. वर्कस्पेस म्हणतात तिला. म्हणजे कामाची खोली समजा: टेबल, दिवा, हत्यारं, कपाट, सगळं जागच्या जागी. फक्त ती खोली आपल्या घरात नसते. कुठल्यातरी परक्या कंपनीच्या संगणकावर असते, क्लाऊडवर, आणि आपण वायरीतून तिथे जाऊन काम करायचं. आईंचा प्रोग्रॅम त्या खोलीत बसून चालायचा. कॅमेरा इथली नजर तिकडे पाठवायचा, तिकडून शब्द इकडे यायचा. खोलीचं नाव नवऱ्याने 'सरकार' ठेवलं होतं.

नेट चालू असेपर्यंत सगळं आलबेल. आमच्या इमारतीतलं नेट मात्र लहरी. वारा सुटला की जायचं, समोरच्या गॅरेजवाल्याने वेल्डिंग लावलं की जायचं, काही कारण नसलं तरी जायचं. मग आई वाक्याच्या मध्यावर मुक्या. एकदा माझी हजेरी घेत होत्या, "चष्मेवाली, तुझ्या माहेरी..." आणि नेट गेलं. मी देवाचे आभार मानले. नेट आल्यावर विचारलं, "काय म्हणत होतात?" यंत्र म्हणालं, "जाऊ दे. राग शिळा झाला."

यावर आम्ही हसलो. पण मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते, नवरा ऑफिसात होता, नेट गेलेलं होतं आणि आईंना लाळेचा ठसका लागला. एरवी त्या नजरेने घंटा वाजवायच्या आणि मी लाळ ओढायची नळी घेऊन धावायचे. त्या दिवशी घंटा कुठून वाजणार! मी कपड्यांच्या घड्या ठेवायला म्हणून खोलीत गेले, तेव्हा चेहरा निळा पडला होता. मी नळी घालून लाळ ओढली. श्वास परत आला. संध्याकाळी नेट आलं, नवराही आला. आईंनी आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"माझी जीभ दुसऱ्याच्या घरी ठेवलीय तुम्ही," यंत्र म्हणालं. "त्यांचं दार लागलं की मी मेले. घरी आणा तिला."

"आणतो आई," नवरा म्हणाला.

"कधी?"

"लवकर."

"लवकर म्हणजे वाराचं नाव सांग."

"रविवार."

योग असा की त्याच सुमारास त्याच्या ऑफिसाने नवीन हत्यार आणलं होतं. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, आणि क्लाऊडवर होती तशीच्या तशी खोली आपल्या स्वतःच्या संगणकावर उभी राहते. ना परकी कंपनी, ना नेटची मिजास. नवरा त्या एका ओळीवर इतका खूश होता, की लग्नात माझ्यावर झाला नसेल. जेवताना भात कालवायचा सोडून मला समजावत बसला.

"अगं, खोली महत्त्वाचीच नाही. कृती महत्त्वाची. खोली कशी लावायची याची कृती एका फाईलमध्ये लिहिलेली असते. ती फाईल शाबूत आहे ना? मग खोली जळाली तरी चालेल. पुन्हा एक ओळ, पुन्हा तीच खोली."

"आणि खोलीत कुणाचं सामान असेल तर?"

"सामान खोलीत ठेवायचंच नसतं. ठेवणारा गाढव. ऑफिसात मी पोरांना रोज खोली पाडायला लावतो. पाडून पुन्हा उभी राहत नसेल तर ती नीट बांधलेलीच नाही."

मी म्हटलं, जेव आधी. मला त्यातलं अर्धंच कळलं होतं आणि भात गार होत होता.

रविवार आला. सकाळी त्याने आईंच्या पलंगाशेजारी एक दणकट संगणक आणून ठेवला. मी आईंचे केस विंचरले, कारण त्यांनी फर्मान काढलं होतं, "जीभ घरी येतेय, मी भुतासारखी नको." दाढीसुद्धा न करता नवरा काळ्या खिडकीसमोर बसला. ओळ टाइप केली. खिडकीतून पांढऱ्या ओळी वर पळायला लागल्या, आणि शेवटी एक हिरवा शब्द आला: तयार.

"बोला सरकार," तो म्हणाला.

आईंनी बघितलं. यंत्र त्यांच्या आवाजात म्हणालं, "दाढी."

तो इतका मोठ्याने हसला की खालच्या गॅरेजवाल्याने वर पाहिलं. मग तो उठला आणि त्याने भिंतीतून नेटची वायर ओढून काढली. वायरीचं टोक आईंच्या डोळ्यांसमोर धरलं. "हे बघ. नेट नाही. आता बोल."

खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. आईंचा तर तसाही मोजूनमापून चालायचा. त्यांची नजर इवलीशी हलली.

"बरं आहे," यंत्र म्हणालं.

चाळिशी ओलांडलेला बाप्या, पण वर्गातल्या मुलींसारखा लाल झाला. जन्मात पहिल्यांदा त्याला आईकडून 'बरं आहे' मिळालं होतं. शाळेत पहिला आला तेव्हाही मिळालं नव्हतं. त्याने पाठ फिरवून उगाच वायर गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली. मला त्याच्यावर त्या क्षणी इतकं प्रेम आलं की मी चहा टाकायला निघून गेले.

आईंना चहा पिता येत नसे. पण त्या सोडायला तयार नव्हत्या, म्हणून मी कापसाचा बोळा चहात बुडवून त्यांच्या ओठांवर फिरवायचे. मी चहा घेऊन आले तेव्हा वायर परत भिंतीत गेली होती आणि नवरा क्लाऊडवरची जुनी खोली बंद करत होता.

"राहू दे की," मी म्हटलं. "काय खायला मागतेय?"

"नको. दोन ठिकाणी दोन खोल्या ठेवल्या की गोंधळ होतो. कुठली खरी ते कळत नाही. काम झालं की जुनं पाडायचं, हा नियम आहे."

खिडकीने विचारलं, नक्की? पक्कं करण्यासाठी खोलीचं नाव टाइप करा. त्याने टाइप केलं: सरकार. एंटर.

मी बोळा आईंच्या ओठांवर फिरवला. नजर हलली. "पांचट," यंत्र म्हणालं.

"साखर जास्त घातलीय हो आई, दूधही."

त्यांनी बुबुळं वर फिरवली. ते मलाही कळायचं. त्याला यंत्र लागत नसे.

नवऱ्याला आता चेव चढला होता. आईला काळजी राहू नये, म्हणून त्याला अजून एक दाखवायचं होतं. समजा वीज गेली, संगणक पडला, काहीही झालं, तरी एका ओळीत सगळं परत उभं राहतं, हे तिने डोळ्यांनी बघावं. ऑफिसात रोज पोरांना दाखवायचा तेच.

"आता बघा गंमत," तो म्हणाला. "सरकार पाडतो आणि सरकार उभं करतो."

"निवडणूक तरी घे," मी म्हटलं.

एक ओळ. खोली पडली. दुसरी ओळ. पांढरी अक्षरं वर पळाली, हिरवा शब्द आला: तयार. स्क्रीन तीच, अक्षरं तीच. आईंनी बघितलं.

"नमस्कार," यंत्र म्हणालं. "मी ठीक आहे. धन्यवाद."

आवाज कुण्या तरुण बाईचा होता, गोड, बँकेच्या फोनवर असतो तसला.

आधी मी हसले. नवराही हसला, म्हणाला, आवाजाची सेटिंग उडाली वाटतं. तो परत बसला. आई बघत होत्या, यंत्र बोलत होतं. "खूप छान. खिडकी. धन्यवाद. पाणी." हळूहळू त्याचं टाइप करणं थांबत गेलं. मानेवरचा घाम मला मागून दिसत होता. मग तो उठून वायरीजवळ गेला, ती भिंतीत नीट बसलीय का ते दाबून पाहिलं, आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसला.

काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. सांगितलं म्हणजे भिंतीला सांगितलं, मी ऐकलं. यंत्राने आईंची नजर महिनोन्महिने शिकून जे काही साठवलं होतं, ते जुन्या खोलीतल्या कपाटात होतं. ते कृतीत लिहिता येत नाही आणि फाईलींच्या गठ्ठ्यातही ठेवत नाहीत, फार जड असतं. नव्या खोलीला फक्त त्या कपाटाचा पत्ता माहीत होता. सकाळी पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिने त्या पत्त्यावरून सगळं मागवून डोक्यात धरलं. म्हणून वायर काढली तरी आई बोलल्या. तिच्या डोक्यात होतंच ना सगळं. त्याला वाटलं, जीभ घरी आली. त्याने जुनी खोली कपाटासकट पाडली. तरीही चालत होतं, कारण डोक्यात होतं. मग त्याने हौसेने ते डोकंही पुसलं, आणि दुसऱ्यांदा उभी राहिलेल्या खोलीला त्या पत्त्यावर काही सापडलंच नाही.

दुसऱ्यांदा पाडलं नसतं तर चाललं असतं. मी चहा आणायला उशीर केला असता, दारावर कुणी आलं असतं, गॅरेजवाल्याने वेल्डिंग लावलं असतं, तर कदाचित चाललंच असतं.

"मूळ रेकॉर्डिंगं?" मी विचारलं.

"त्याच कपाटात."

"सामान खोलीत ठेवणारा गाढव, तूच म्हणाला होतास ना!" हे मी बोलले. मला राग आला होता आणि मी तो गिळणारी बाई नाही. मारलं असतं तरी त्याने मार खाल्ला असता.

परक्या कंपनीला त्याने फोन लावले, निरोप पाठवले. फार सभ्य लोक. त्यांना आमच्या अडचणीबद्दल मनापासून खेद होता. पण पाडलेली खोली परत आणता येत नाही, म्हणूनच आम्ही नाव टाइप करायला लावतो, ते म्हणाले. खरंच होतं. नाव त्याने स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं.

मग पुन्हा शिकवायचं ठरलं. पण शिकवणार कसं? पहिल्या वेळी आई बोलत होत्या आणि बघत होत्या. कुठली नजर म्हणजे कुठला शब्द हे त्यांचा आवाज सांगत होता. आता सांगणारं कुणी नव्हतं. नवरा म्हणाला, अक्षरं एकेक दाखवू, ती बघेल, यंत्र शिकेल. आई बघायच्या. त्या बघत होत्या हे मी शपथेवर सांगते. पण त्यांची बुबुळं आता इतकी कमी हलत, की 'क' आणि 'म' यांत फरक उरला नव्हता. दुकानातून मी माझी उपकरणं घरी आणली, डोळे तपासले, पुन्हा तपासले. डावा डोळा बाहेर सरकायला लागला होता. उजवा टिकायचा, पण थोडा वेळ. त्या आखूड नजरेची भाषा जगात एकालाच येत होती आणि त्याला आम्ही रविवारी सकाळी, दाढी न करता, पुसून टाकलं होतं.

उरलं काय, तर पापणी. मिटली की हो, उघडी ठेवली की नाही. अशी बोलणी आम्ही सुरू केली.

"आई, पाणी?" उघडे. "पाय दुखतोय?" उघडे. "उशी?" उघडे. "पडदा लावू? पंखा? कूस बदलू? लघवी? डास आहे का? त्याला बोलवू? मी जाऊ?" उघडे, उघडे. मी एका दुपारी एवढं विचारलं की माझा घसा बसला. त्यांना काहीतरी हवं होतं, नक्की हवं होतं, आणि ते मला सुचलं नाही. आजही मला माहीत नाही ते काय होतं. तेव्हा मला कळलं, की यापुढे या बाईला फक्त माझ्या डोक्यात येईल तेवढंच बोलता येणार. जिने आयुष्यभर मला न विचारता सुनावलं, तिला आता मी विचारल्याशिवाय हूं की चूं करता येणार नव्हतं. सासूच्या तोंडाचा पट्टा बंद व्हावा असं कुठल्या सुनेला कधी वाटलं नसेल? मला वाटलं होतं. आता मात्र मी तो पट्टा स्वतःच चालवायला लागले.

"आई, चहा पांचट होता ना?"

मिटले.

"माझी इस्त्री उसवण्याच्या लायकीची आहे ना?"

मिटले. ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण तो हलू शकत नव्हता हे मला माहीत आहे. मी त्यांच्या पोटावर डोकं ठेवून रडले. कधी धीरच झाला नव्हता इतक्या जवळ जायचा.

नवऱ्याने मात्र यंत्र सोडलं नाही. ऑफिसातून आला की पलंगाशेजारी बसायचा आणि ती ओळ टाइप करायचा. खोली उभी राहायची. एकदाही चुकली नाही. इतकी उत्तम बांधलेली खोली मी पाहिली नाही. त्याने यंत्राला अंदाज करायला शिकवलं. नजर कळली नाही तर माणसं साधारणपणे काय म्हणतात ते म्हणायचं. म्हणून यंत्र रात्रीपर्यंत म्हणत राहायचं, मी ठीक आहे. धन्यवाद. काळजी करू नका. दुधाची तहान ताकावर, तसं तो ते ऐकत बसायचा. मी म्हटलं, "अरे, आईंनी जन्मात कधी कुणाला धन्यवाद म्हटलंय का?" तो म्हणाला, "माणूस बदलतो आजारपणात."

मग त्याला फोनमध्ये आईंचे जुने, बोलून पाठवलेले निरोप सापडले. "येताना दोरा आण. पांढरा नको, मोतिया. पांढरा आणलास तर परत पाठवीन." असले चार-पाच निरोप. त्यातून त्याने आवाज उचलला आणि यंत्रात घातला. मी दुकानातून घरी आले, दार उघडलं, आणि आतून आईंचा आवाज आला, खणखणीत, आजाराच्या आधीचा. "खूप छान. मी ठीक आहे. धन्यवाद." माझ्या हातातली पिशवी पडली. मी आत धावले. आई डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होत्या, आणि त्यांच्या आवाजात कुणीतरी सभ्य बाई बोलत होती.

मला किळस आली. दुसरा शब्द नाही त्याला.

डॉक्टर येऊन गेले. पापण्या पण आता फार दिवस साथ देणार नाहीत, म्हणाले. या वेळी बक्षिसाचा सूर नव्हता. ते गेल्यावर मी ठरवलं, की पापण्या आहेत तोवर एक गोष्ट विचारून घ्यायची. नवऱ्याला हाक मारली. तो नेहमीसारखा स्क्रीनकडे तोंड करून बसला होता. आईकडे बघणं त्याने केव्हाच सोडलं होतं, ते त्याला झेपत नव्हतं. मी पलंगाच्या कडेला बसले. त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून माझ्याकडे वळवला.

"आई, चष्मेवाली बोलतेय. नीट ऐका. हे यंत्र बंद करू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पापण्या खाली आल्या. सावकाश, कशाबशा, पण आल्या, आणि घट्ट मिटल्या.

कॅमेऱ्याला डोळे दिसेनात. यंत्राने अंदाज केला. "नको," आईंचा आवाज म्हणाला. "काळजी करू नका. मी ठीक आहे."

"ऐकलंस?" नवरा स्क्रीनकडे बघत म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "नको म्हणतेय ती. राहू दे."

"अरे, इकडे बघ," मी म्हटलं. "स्क्रीनकडे नको. तिच्याकडे बघ."

त्याने मान वळवली नाही. "खूप छान," यंत्र म्हणालं, "धन्यवाद."

माझ्या हातांत आईंचा चेहरा तसाच होता. पापण्या थरथरत होत्या, पण उघडत नव्हत्या. जमेल तितका वेळ त्यांनी त्या मिटूनच धरल्या होत्या.